औषध पोचेपर्यंत

पोटात दुखतं, असं दुखतं की फरशीवर लोळावं लागतं. आणि डॉक्टर म्हणतात, सोनोग्राफीत काही नाही, रक्तात काही नाही, तुम्ही मनाला फार लावून घेता. अशी कुणी बाई असेल तर तिच्यासाठी मी हे लिहायला बसले आहे.

माझं नाव सुजाता. रत्नागिरीहून पालीकडे जाताना आंब्याचं कॅनिंग करणारा एक कारखाना लागतो, तिथे मी ऑफिसात काम करते. माझ्या आजाराला नाव मिळायला सहा-सात वर्षं गेली. नाव मिळाल्यावर पुढे त्यावरचं औषधही मिळालं. आज मी कामाला जाते, जेवते, झोपते. पण सगळं गोड झालं असं वाटून कुणी वाचू नये. हा आजार माझ्याआधी आमच्या घरातलं एक माणूस घेऊन गेला होता. ते आम्हाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

ताई

आमचं घर गुहागरकडचं. थोडी सुपारी, थोडे माड. बाबा बोटीवर होते, वर्षातून एकदा यायचे, आणि आम्ही दोघी बहिणी शाळेत असतानाच ते वारले. आईने आम्हाला वाढवलं. आई उपासांना फार कडक. सोमवार, संकष्टी, एकादशी, महाशिवरात्र, हरितालिका निर्जळी आणि नवरात्राचे नऊही दिवस. उपास म्हणून ताटभर साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्या बायकांना ती हसायची. तिचा उपास म्हणजे दिवसभर पाणी आणि संध्याकाळी कपभर दूध. तशा पोटी ती आगरात माडांना पाणी लावायची, झावळ्या ओढायची. तिला कधी काही झालं नाही.

शैलाताई माझ्याहून मोठी. लग्न होऊन मुंबईला गेली, तिला मुलगी झाली, मुक्ता. त्यानंतर ताईचं पोट दुखायला लागलं. पाळीच्या आधी यायचं, दोन-चार दिवस राहायचं आणि जायचं. मुंबईच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काही सापडलं नाही.

मुक्ता दीड वर्षाची असताना ताई नवरात्रात माहेरी आली. आई देवीला बोलली होती की ताई या वर्षी माझ्याबरोबर उपास धरील, तिचं दुखणं जाऊ दे. ताईने आनंदाने धरला. सातव्या माळेला तिचं पोट दुखायला लागलं. ओकारी थांबेना. दुसऱ्या दिवशी ती भलतंच बोलायला लागली, भिंतीवर माणसं आहेत म्हणाली. वाडीतल्या बायका म्हणाल्या, अंगात आलंय. तिला रत्नागिरीला आणलं तोवर झटके यायला लागले होते. झटक्यांवर औषधं दिली, आणि मग तिचे हात गेले, पाय गेले. शेवटी श्वास घेता येईना. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ताई गेली.

काय झालं होतं ते कुणालाच सांगता आलं नाही. मी तेव्हा कॉलेजात होते. भावोजी चांगले होते. दोन वर्षांनी त्यांनी दुसरं लग्न केलं आणि मुक्ताला न्यायला आले, पण आईने दिली नाही. मला रत्नागिरीत नोकरी लागली तेव्हा आम्ही तिघी, आई, मुक्ता आणि मी, शहरातल्या दोन खोल्यांत राहायला आलो.

मग मी

माझं सुरू झालं तेव्हा मी पंचविशीत होते. तसंच, पाळीच्या आधी. बेंबीच्या आतून कुणी पिळा घालतंय असं वाटायचं. डॉक्टर पोट दाबून बघायचे आणि त्यांना पोट मऊ लागायचं. इतकं दुखतंय तर पोट कडक हवं होतं म्हणे. एकांनी अपेंडिक्स काढलं. टाक्यांचा व्रण भरला आणि महिन्याभरात दुखणं परत आलं. मग अल्सर झाला, मग गॅस झाला, मग नैराश्य झालं. एक वयस्क डॉक्टर माझ्यासमोर आईला म्हणाले, हिचं लग्न करून द्या, बरी होईल. लग्न ठरलंही होतं. साखरपुड्याच्या आठवड्यात मी दवाखान्यात होते. मुलाकडच्यांनी शांतपणे निरोप पाठवला, आणि मला खरं सांगायचं तर त्यांचा राग आला नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते दुसरंच. वेदनेत ओरडले की खोटं वाटायचं, आणि गप्प राहिले की फार दुखत नसेल असं वाटायचं. कसं वागलं की लोक विश्वास ठेवतील, हे मी दुखत असतानासुद्धा शोधत असायचे.

आई गावी जाऊन गुरवाकडून देवाला कौल लावून आली. सोळा सोमवार करायला सांगितले. ते आम्ही दोघींनी मिळून केले. मला कुणी बळजबरी केली नाही. ताई गेल्यापासून मलाही धरायला काहीतरी हवं होतं. उपास झाले की दुखणं उठायचं. आईला वाटायचं, आपलंच काही चुकलं, देव अजून प्रसन्न नाही. मग ती उपास वाढवायची. ती मला उपाशी ठेवून स्वतः कधी जेवली नाही. माझ्यासमोर बसून तीही उपाशी राहायची आणि माझ्या पोटावरून हात फिरवायची.

अशी वर्षं गेली.

नाव कळलं तो दिवस

श्रावण होता. ओळीने उपास झाले होते आणि मी पुन्हा दवाखान्यात होते. तिथे नुकत्याच एक डॉक्टर मॅडम आल्या होत्या, वयाने माझ्याहून लहान. माझी लघवीची बाटली तपासणीला न्यायची राहून गेली होती आणि खिडकीच्या कट्ट्यावर तशीच पडली होती. पाऊस थांबून मध्येच ऊन पडलं. मॅडम राउंडला आल्या, माझ्याशी बोलता बोलता त्यांचं लक्ष बाटलीकडे गेलं आणि त्या थांबल्या. बाटलीतला रंग कोकमाच्या आगळासारखा गडद लाल झाला होता.

रंग असा कधीपासून होतो, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दुखतं तेव्हा नेहमीच गडद असतो, मला वाटायचं पाणी कमी पडतं. मग त्यांनी विचारलं, या आठवड्यात खाल्लंत काय?

उत्तर आईने दिलं. थोडं अभिमानानेच दिलं. "काही नाही. उपास होते तिचे."

मॅडम स्टूल ओढून खाली बसल्या. आमच्या घरात असं दुखणं अजून कुणाला होतं का, हे त्यांनी विचारलं, आणि मी ताईचं सगळं सांगितलं. त्यांनी लगेच ग्लुकोजचं सलाइन लावायला सांगितलं. बाटलीला काळा कागद गुंडाळून नमुना मुंबईला पाठवला, कारण उजेड लागला की त्यातलं जे शोधायचं ते बिघडतं. रिपोर्ट यायच्या आधीच, नुसत्या ग्लुकोजने, माझं दुखणं उतरायला लागलं होतं. इतकी वर्षं झाली, आणि मला आराम पडला साखरेच्या पाण्याने.

रिपोर्ट आला तेव्हा दुपार होती. आई माझ्या पायथ्याशी बसली होती. अॅक्यूट पॉर्फिरिया, मॅडम म्हणाल्या, आणि ते नाव त्यांनी दोनदा उच्चारून सांगितलं. हा रक्ताच्या नात्यातून येणारा आजार आहे, वेडाचा नाही, मनाचा नाही. मला रडू आलं ते सुटल्यासारखं. कुणीतरी पहिल्यांदा म्हणत होतं की तुला दुखत होतं ते खरं होतं.

मग मॅडम आईकडे वळल्या. "आई, हिने यापुढे उपास करायचे नाहीत. पोट रिकामं राहिलं की हा आजार उठतो."

आई म्हणाली, "देवाचा पण नाही?"

"देवाचा पण नाही."

आईने थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग विचारलं, "मोठीला पण हेच होतं काय?"

मॅडमनी आधी खाली बघितलं. मग म्हणाल्या, खात्रीने आज कुणालाच सांगता येणार नाही, पण तुम्ही जे सांगताय त्यावरून असावं. झटक्यांवरची काही औषधंसुद्धा या आजारात चालत नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. त्यांना बहुधा आईवरचा भार हलका करायचा होता. आईपर्यंत ते पोचलं की नाही, मला माहीत नाही. ती उठली, खाली जाऊन वरणभात घेऊन आली आणि मला भरवायला लागली. त्या दिवशी सोमवार होता. मी तिला म्हटलं, तूही जेव. ती जेवली नाही.

हात

नाव कळलं म्हणजे सुटलो, असं नव्हतं. मी वेळेवर जेवायला लागले, पर्समध्ये ग्लुकोजची बिस्किटं ठेवायला लागले, कुठलंही औषध घेण्याआधी मॅडमना विचारायला लागले. तरी दुखणं यायचं, कधी पाळीने, कधी तापाने. एका हिवाळ्यात साध्या घशाच्या तापानंतर आलं ते सगळ्यात मोठं. मला मुंबईला हलवलं. हात खांद्यापासून गळाले. मनगटं पुढे लोंबायला लागली. कितीतरी दिवस मी आयसीयूत होते आणि श्वास मोजत होते, कारण ताईचा शेवट मला माहीत होता.

त्या दिवसांतलं काही काही आठवतं. सकाळी अंग पुसायला कोमट पाणी आणणारी एक मल्याळी सिस्टर, जी पाणी आधी स्वतःच्या मनगटावर बघायची. फिजिओथेरपीवाला मुलगा बिस्किट उचला म्हणायचा, आणि उचलता आलं नाही की ते स्वतःच खाऊन टाकून मला हसवायचा. मुक्ता दहावीत होती. ती शाळा बुडवून मुंबईला येऊन माझे केस विंचरायची. विंचरताना ती माझ्याकडे बघायची नाही. एकदा तिने विचारलं, "आईला पण असंच झालं होतं ना?" मी हो म्हटलं. तिने वेणी घातली आणि रबर लावलं, आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

आई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसायची. आत आली की भरवायची. तिचं बोलणं हळूहळू कमी होत गेलं होतं.

साखर लावलेलं औषध

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी या नव्या औषधाचं सांगितलं तेव्हा मला थोडं थोडं बसता येत होतं. जे मला कळलं तेच सांगते.

रक्ताचा लाल पदार्थ बनवायची लिव्हरमध्ये एक साखळी असते. माझ्यात तिची एक कडी अर्धीच काम करते. उपास पडला, ताप आला, पाळी जवळ आली की लिव्हर पहिल्या कडीला जोरात काम करायला सांगतं, आणि अर्ध्या कडीपाशी माल तुंबतो. तो तुंबलेला माल नसांना विषासारखा. लिव्हर जो निरोप धाडतं तो आरएनएचा असतो, आणि हे औषध म्हणजे आरएनएचाच एक छोटा तुकडा, जो तो निरोप मध्येच मोडून टाकतो.

डॉक्टर म्हणाले, असा तुकडा बनवणं शास्त्रज्ञांना केव्हाच जमलं होतं. तो अंगात योग्य जागी पोचवणं जमत नव्हतं. नुसता रक्तात सोडला तर रक्तच त्याचा चुरा करतं, उरलेला लघवीवाटे निघून जातो. मग कुणी तो चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबात बसवून पाठवला. माझ्या औषधात त्याला एका साखरेचे रेणू जोडलेले आहेत. लिव्हरच्या पेशी ती साखर ओळखतात आणि आत ओढून घेतात.

आईने मध्येच विचारलं, "साखर लावून देतात?"

डॉक्टर हसले. म्हणाले, तसंच समजा.

मी माझे हात त्यांच्यासमोर धरले. धरले म्हणजे उजव्या हाताने डावा उचलून धरला. विचारलं, हे औषध इथे जाईल का? ते नाही म्हणाले. दुखणं थांबेल, नवीन नुकसान होणार नाही, पण नसांचं झालेलं नुकसान भरायचं तेवढं आपलं आपण भरेल. आज आम्हाला लिव्हरपर्यंत नीट पोचता येतं, बाकी ठिकाणी अजून धडपड चालू आहे. डीएनएच्या धाग्यांना घड्या घालून डोळ्यांना न दिसणारे डबे बनवतात, त्यात घालून औषध नसांपर्यंत, मेंदूपर्यंत नेता येईल का, ते बघताहेत. प्रयोगशाळेत होतंय, तुमच्या वापरात यायला वेळ आहे. "मी तुम्हाला खोटं सांगणार नाही," ते म्हणाले. मला ते बरं वाटलं. इतकी वर्षं मला खोटा धीरच मिळाला होता.

औषध आपल्याकडे सहज मिळत नव्हतं. दोन्ही डॉक्टरांनी खटपट करून मदतीच्या योजनेतून ते माझ्यासाठी मिळवलं. इंजेक्शन महिन्यातून एकदा पोटाच्या कातडीखाली देतात. टोचल्या जागी लाल चट्टा येतो, खाज सुटते. दोन दिवस मळमळतं, अंग गळून जातं. लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या सारख्या कराव्या लागतात. पहिल्या महिन्यात मी दुखण्याची वाट बघत होते. दुसऱ्या महिन्यातही. पाळी आली आणि गेली. एका सकाळी कारखान्यात बायकांना पाटीभर हापूस धुताना बघत उभी होते, तेव्हा लक्षात आलं की आज मी पोटाचा विचारच केलेला नाही.

हात मात्र पूर्ण परत आले नाहीत. नारळ खवता येत नाही, भरलेली कळशी उचलता येत नाही. लिहिता येतं, सावकाश.

आई

आमच्या तिघींच्या रक्ताची तपासणी झाली. हा दोष आईकडून आला होता. तिच्यात तो आयुष्यभर गप्प राहिला. बऱ्याच जणांत तसाच राहतो, मॅडम म्हणाल्या, का ते नीट माहीत नाही. ताईकडून तो मुक्ताकडेही गेला होता. मुक्ताला अजून एकदाही दुखलेलं नाही आणि कदाचित कधीच दुखणार नाही. पण आईने ऐकलं ते एवढंच की सगळ्यांना तिच्याकडूनच गेलं.

औषध सुरू होऊन वर्ष होत आलं असेल. मी बरी आहे हे आता आईलाही पटलं होतं. एका दुपारी ती विळीवर नारळ खवत बसली होती, मी शेजारी. तिने विचारलं, "शैला गेली तेव्हा हे औषध होतं काय गो?"

मी म्हटलं, नव्हतं. जगात कुठेच नव्हतं. मला वाटलं, हे ऐकून तिला बरं वाटेल.

ती खवत राहिली. मग म्हणाली, "औषध नव्हतं. जेवण होतं ना."

मी म्हटलं, आई, तुला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. तिने मान हलवली, पण ती मला बरं वाटावं म्हणून. ते वाक्य मी तिला पुढे किती वेळा सांगितलं असेल. ते खरंही आहे. त्याने काही झालं नाही.

त्या वर्षीच्या हरितालिकेला आईने सकाळीच भात लावला. शेजारपाजारच्या बायका पूजेला बोलवायला आल्या तेव्हा आम्ही तिघी जेवत होतो. दार उघडंच होतं. एकीने विचारलं, काकी, आज? आई म्हणाली, "आम्ही उपास सोडले. देवाचा राग असला तर माझ्यावर असू दे." आणि तिने माझ्या पानात आणखी भात वाढला. त्यानंतर तिने एकही उपास केला नाही. सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर उपास केलेल्या बाईला ते सोपं गेलं नसणार. कधी कधी एकादशीला घास तोंडात घेऊन ती थांबायची. मग गिळायची.

मुक्ता कॉलेजसाठी कोल्हापूरला गेली. रोज संध्याकाळी आईचा फोन असायचा, आणि पहिला प्रश्न, जेवलीस काय गो. दुसरा प्रश्न बहुतेक नसायचाच.

आई गेली ती गेल्या माघात. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, पाणी मागितलं, आणि डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. तिला कसलाही त्रास झाला नाही, असं सगळे म्हणाले. मी म्हणत नाही, मला माहीत नाही.

मुक्ताची वाट बघायची होती. ती मिळेल त्या एसटीने निघाली होती, घाट उतरून पोचायला दुपार झाली. माणसं जमली होती. मयत घरात असताना आमच्याकडे चूल पेटत नाही, कुणी काही खात नाही. माझ्या ते डोक्यातही नव्हतं. मी आईच्या उशाशी बसले होते. मुक्ता आली, आजीच्या पायावर डोकं ठेवून रडली आणि मग माझ्या शेजारी येऊन बसली. बाहेर तिरडी बांधून झाली होती. कुणीतरी म्हणालं, आता उचलूया.

तेवढ्यात शेजारच्या कमलकाकू आत आल्या. त्यांच्या हातात पातेलं होतं. त्यांच्या घरी शिजवलेली पेज, गरम, आणि दोन वाट्या. आमच्या नात्यातले एक काका म्हणाले, काकू, हे काय, अजून मयत घरात आहे. कमलकाकू फार बोलणाऱ्या बाई नाहीत. त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "तिने मला शपथ घातलीय. मी गेले की आधी ह्या दोघींना जेवायला घाला, मग मला उचला."

माणसं बाहेर जाऊन थांबली.

मुक्ता आणि मी भिंतीला टेकून बसलो. माझ्या हातात वाटी राहीना, म्हणून मुक्ताने खालून धरली. पेजेत मीठ जरा जास्त होतं. आम्ही दोघींनी ती सगळी संपवली. मग आईला उचललं.